निलूचं ग्राफिक्स कार्ड

प्रिय निलू,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात इतकं बोलले, की लिहायची गरज वाटली नव्हती. आज लिहितेय, कारण तुझ्या खोलीतला कॉम्प्युटर बंद झालाय. बिघडला नाही. आम्हीच बंद केला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगितलेलं बरं.

कल्याणच्या दुकानातून फोन आला तिथून सगळं सुरू झालं. मी मेडिकलमध्ये एका आजोबांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावत होते. "नीलेशभाऊ आहेत का? नव्या ग्राफिक्स कार्डाचा त्यांचा नंबर लागलाय. पहिल्या लॉटमध्ये! तुमचाच नंबर दिलेला त्यांनी."

काय सांगायचं होतं मी? तो माणूस केवढ्या आनंदात होता! माझ्या तोंडून निघालं, "हो, रविवारी येते न्यायला."

"नक्की या हां. मागं लाईन आहे."

फोन ठेवला आणि वाटलं, मी हा कशात पाय घातला?

तुझं ते महिनोन्‌महिने चाललेलं पुराण आठवतंय का रे? मी भाकऱ्या थापायचे आणि तू ओट्याशी उभा. "ताई, घेऊ का थांबू? पहिल्या दिवशी घेतलं तर भाव जास्त, वर ड्रायव्हर सॉफ्टवेअरची बोंब. थांबलो तर स्वस्त मिळेल, पण तोवर पुढचं यायची बातमी सुरू होते." मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी म्हणायचे, "थांब." तू म्हणायचास, "बरोबर आहे." आणि दुसऱ्या दिवशी परत तेच! शेवटी मला न सांगता बुकिंग करून आलास. एवढं तरी सांगायचंस! मग साध्या तापाचं निमित्त झालं, आणि तुझ्याशी वाद घालायला मी एकटी उरले.

फोनचं मी घरी सांगितलं. आई लगेच म्हणाली, "आण. त्याचं हाय ते."

अण्णांनी पेपरमधून मान वर केली नाही. "कोणासाठी?" एवढंच विचारलं.

दोघांचंही बरोबर होतं, निलू. हीच तर पंचाईत!

तुला माहीत नाही, तुझ्यामागे आईनं काय सुरू केलंय. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते आणि तशीच तुझ्या खोलीत जाते. बटण दाबते. आतले लाल-निळे दिवे लागले की पदर सावरून खुर्चीत बसते आणि तुझे सामने लावते. शहापूरचे, मुरबाडचे, टेनिस बॉल क्रिकेटचे जेवढे म्हणून सामने तू नेटवर लाईव्ह दाखवलेस तेवढे सगळे! तिला बॅट कुठली आणि स्टंप कुठला ते माहीत नव्हतं. आता तुझी कॉमेंट्री तिला पाठ आहे. तू "आणि चेंडू हवेत..." म्हणायचा अवकाश, ती तुझ्याआधी "सुटला!" म्हणते. मी एकदा तेच सामने फोनवर लावून दिले, तर म्हणाली, "फोनात तो लांबचा वाटतो गो."

त्याच आठवड्यात मनाली माझ्या मेडिकलमध्ये आली. डोळखांबची. तुझ्या सामन्यांतल्या स्कोअरबोर्डची ती उड्या मारणारी अक्षरं तिची होती हे मला तेव्हा कळलं. तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस कधी! का रे? आम्ही काय खाल्लं असतं तिला?

तुझा माईक परत करायला आली होती. काउंटरवर ठेवला, तरी घुटमळत राहिली.

"ताई, एक विचारू? तुमी ते नवीन कार्ड घेणार का?"

"तुला कसं माहीत?"

"आमी दोघं रोज बघायचो ना, कधी येतंय ते." मग खाली बघत म्हणाली, "त्यानं सांगितलेलं, नवीन आलं की जुनं तुला. मागायला नाय आले मी. फक्त तुमी घेणार नसाल तर मी वाट बघायची सोडते. पडघ्याला गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम मिळतंय. घरचे म्हणतात, जा."

तिला अॅनिमेशनच्या कामासाठी नमुना करून पाठवायचा होता. मुंबईतल्या कुठल्याशा स्टुडिओनं मागितला होता. तिच्या कॉम्प्युटरवर तो अर्ध्यात अडकून पडायचा. तू तिला शिकवलंस, आशेला लावलंस आणि गेलास. रागावू नको, पण त्या दिवशी मला तुझा राग आला.

मी विचारलं, "जुनं काढून दिलं तर आमचा कॉम्प्युटर चालेल?"

तिनं काउंटरवरचा माईक सरळ करून ठेवला. "नाय चालणार. त्यातला प्रोसेसर स्वतः चित्र दाखवत नाय. कार्ड काढलं की स्क्रीन काळी."

मी पुरती कोंडीत सापडले. जुनं दिलं तर आईची संध्याकाळ जाते. नाही दिलं तर ही पोरगी गोडाऊनला. नवीन आणलं तर सगळं सुटतं, पण अण्णांच्या प्रश्नाला उत्तर नाही. तरी रविवारी कल्याणला निघाले तेव्हा मी घ्यायचंच ठरवलं होतं. खरं सांगू? ते घेतलं की कुणालाच काही सोडावं लागणार नव्हतं. तुझी खोली तशीच, आई तशीच, मीही तशीच.

दुकानदारानं खोका काउंटरवर ठेवला. केवढं ते धूड! तुझ्या कॉम्प्युटरचा फोटो मी दाखवला, तर त्याची मान हलायला लागली.

"ताई, ह्यात नाही बसणार. लांबी बघा ना. कॅबिनेट म्हणजे हा बाहेरचा डबाच बदलावा लागेल, पॉवर सप्लाय पण. आतला मदरबोर्डही जुना झालाय. एकदाच सगळं नवीन करा ना. नीलेशभाऊंना लावा फोन, मी बोलतो त्यांच्याशी."

सगळं नवीन! ज्या डब्यावर तू मुरबाडच्या स्पर्धेचे स्टिकर चिकटवलेस तो डबा जाणार, आणि त्याच्या जागी काय येणार? ज्याला तू कधी हातही लावला नाहीस असं काहीतरी. ते आईनं दिवेलागणीला चालू करायचं?

"तो नाही," मी म्हणाले. "तो गेला. पावसाळ्यात."

घराबाहेर हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं, निलू. दुकानदारानं खोका बाजूला सरकवला. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "मग लाईनीतल्या पुढच्याला फोन लावू?"

"लावा," म्हटलं मी.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मनालीचंही. आई उठून तुझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "हातपण लावायचा नाय कोणी!" त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पण मान वर करायची नाही. मी मेडिकलमधून घरी यायला कंटाळा करू लागले. मनालीला काय सांगू तेही कळेना. तिचा फोन आला की वाजू द्यायचे.

मग एका दुपारी भात पाखडता पाखडता आईनं आपणहून तोंड उघडलं. "ती पोर निलूच्या बरोबर बसायची काय? त्या मॅचला?"

"हो. अक्षरं ती करायची."

"म्हंजे तो 'मनाली, स्कोअर' म्हणतो ती हीच?"

मी बघतच राहिले! एवढे सामने आईनं ऐकले, त्यात तू मध्येच कुणाला तरी हाक मारतोस, ते तिनं टिपलं होतं. माझ्या कधी कानावर पडलं नव्हतं.

"बोलाव तिला," आई म्हणाली. "जेवायलाच बोलाव."

मनाली आली. जेवताना नाचणीची भाकरी आईनं दोनदा आग्रहानं वाढली. तुझे सगळे सामने मनालीनं एका पेनड्राइव्हवर घेतले आणि पुढच्या खोलीतल्या टीव्हीला लावून दाखवले. मग ती तुझ्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर उघडायला बसली. तिला स्क्रू फिरवता येईना. मी पुढे होणार, तेवढ्यात अण्णा आत आले. इतके दिवस ते त्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हते. त्यांनी तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. "कुठला? हा काय?" ती दाखवत गेली, ते काढत गेले. शेवटी कार्ड निघेना, तेव्हा मागून आई म्हणाली, "खेचू नका हो. सावकाश." आणि निघालं तेव्हा आईनंच ते पदरानं पुसून मनालीच्या हातात दिलं.

सगळं छान झालं असं नको समजू. आई टीव्हीवर तुला बघते, पण बघता बघता मध्येच उठून आत जाते आणि त्या काळ्या स्क्रीनसमोर बसते. मी दारातून बघते आणि परत फिरते. तिला तिथून उठवायचं धाडस मला होत नाही, आणि तो डबा तिथून हलवायचंही. बरोबर केलं का मी, निलू? तू असतास तर म्हणाला असतास, "बरोबर आहे," आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं असतंस!

मनालीनं नमुना पाठवलाय. गोडाऊनला अजून गेलेली नाही. स्टुडिओचं उत्तरही अजून नाही. आई रोज मला विचारते, "आलं काय गो तिचं?" एकदा तर म्हणाली, "तिला सांग, ते कार्ड नीट सांभाळ म्हणावं. निलूचं हाय." मी तो निरोप दिला नाही.

आणि कधी देणारही नाही, हे तुला माझं वचन. तिनं ते वापरावं, विकावं, पुढचं आलं की काढून टाकावं. तिनं मुंबईला जावं, लग्न करावं, तुला विसरावंसं वाटलं तर विसरावं. तुला आठवत बसायला इथं आम्ही तिघं आहोत. त्या पोरीला मी इथं अडकू देणार नाही.

तुझी,
ताई
खर्डी