बंदर पाहायला आलेली आई

आदरणीय योशिहारुदादांस,

धाकट्या तोकुजीचा कमरेतून वाकून नमस्कार. तुमच्याकडे डोंगरावर थंडी पडू लागली असेल, सफरचंदं उतरवून झाली असतील आणि वहिनींची कंबर आता त्यांना पुष्परचनेच्या वर्गाला बसू देत असेल, अशी आशा करतो. आम्ही इथे योकोहामात ठीक आहोत. (म्हणजे माझी बायको सानाए ठीक आहे. मी दुसऱ्याच्या बुटांत आहे. ते पुढे येईलच.)

'आईला एक दिवस बंदर दाखव आणि पाचच्या गाडीत बसवून दे, ती चुकली तर इकडची शेवटची बस मिळत नाही,' असं तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं. त्याप्रमाणे मी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आखलं. आईने स्टेशनाबाहेर पडताच त्याचे तीन तेरा वाजवले. बंदर राहू दे, आधी गावच्या लोकांसाठी भेटवस्तू घेऊ, म्हणाली. प्रवासाहून रिकाम्या हातांनी परतायचं नाही हे मलाही कळतं, पण समुद्राचा एक थेंबही पाहण्याआधी तिने बिस्किटांचे बारा डबे घेतले (त्यातला एक वहिनींच्या भावाच्या शेजाऱ्याला) आणि ते माझ्या गळ्यात मारले. ब्याऐंशीव्या वर्षी ती पुढे तुरुतुरु चालत होती आणि मी मागून हमालासारखा.

बागेजवळ ती जुनी मोठी बोट कायमची बांधून ठेवलेली आहे ना, तिच्यापुढे आई थांबली ती हलेना. शेवटी तिकिटं पाहणाऱ्या बाईला म्हणाली, "हिला रंग लावता, पुसता-बिसता, मग कुठे सोडत का नाही?"

"आजी, आता तिचं वय झालं," बाई अदबीने म्हणाली.

"बोलतं का कोणी तिच्याशी?"

बाईने आईला एक माहितीपत्रक दिलं. पुढे बाकावर बसल्यावर मला कळलं की घर नवं बांधल्यापासून तुम्ही आईला मागच्या खोलीत ठेवलं आहे आणि तिचं जेवण ताटातून तिकडे जातं. (ताट अगदी वेळेवर येतं, हे तिने दोनदा सांगितलं. ती तुमची बदनामी करत नाही, हीच तर पंचाईत आहे.)

मग आम्ही बंदराची फेरी मारणाऱ्या लाँचवर चढलो. आतल्या दालनात गालिचा होता. आईने दारातच बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट लावले आणि आत गेली. तिच्यामागे कुठल्याशा ज्येष्ठ मंडळाची वीस-पंचवीस माणसं होती. बूट काढायचे नसतात हे त्यांना पक्कं ठाऊक असणार, पण एक म्हातारी काढते आणि आपण तसेच आत जातो, हे बरं दिसेल का? सगळ्यांनी काढले. मीही काढले, माझी तर ती आईच होती. लाँचवर कामाला असलेल्या मुलींना "अहो, घाला" असं सांगणं पाहुण्यांचा अपमान वाटला असावा, म्हणून त्यांनी वाट मोकळी करण्यासाठी सगळे बूट अदबीने उचलून एका मोठ्या पेटीत भरले. उतरताना पंचवीस म्हातारे मोज्यांवर उभे, आणि "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" यात पाऊण तास गेला. पेटीत आधी हात घालण्याचा उद्धटपणा कोणी करेना. मला शेवटी जे बूट मिळाले ते पायाला लहान आहेत आणि त्यांच्या आत 'उसामी' असं लिहिलेलं आहे.

गाडी चुकली ती अशी. दोष बुटांचा.

दुसऱ्या दिवशी तिला पाठवणारच होतो. पण मी ऑफिसला जाताच आईने गावासाठी घेतलेले ते डबे उचलले आणि आमच्या इमारतीत दोन्ही शेजारी, वरचे, खालचे, सगळ्यांच्या दारी जाऊन वाकून दिले. "आजपासून इथे राहायला आले आहे, सांभाळून घ्या." नव्याने राहायला येणाऱ्याने करायचं ते सगळं तिने रीतसर केलं. संध्याकाळपर्यंत लोकांच्या उलट भेटवस्तूही येऊन पडल्या. आता तिला परत पाठवलं तर इमारतीत मी तोंड कसं दाखवू, हे तुम्हीच सांगा. ती स्वयंपाकघरात सानाएला डाळीच्या सूपवरून टोचते, माझी वर्तमानपत्रं नीट रचून फेकून देते आणि बावन्न वर्षांच्या मला मफलर घाल म्हणून जिन्यापर्यंत ओरडते. माझे हाल कुत्रा खात नाही.

आपला आज्ञाधारक,
तोकुजी

ता. क. आईचे थंडीचे कपडे आणि तिचा लोणचं दाबायला वर ठेवायचा दगड पार्सलने पाठवावा. दगड इथेही मिळतात, हे सांगून पाहिलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

ता. क. दोन. रविवारी मोटार घेऊन तिला न्यायला येणार असं वहिनींनी फोनवर कळवलं. येऊ नका, दादा. लोक थोरल्याला नावं ठेवतील याची धास्ती असेल, तर मी हट्ट केला असं खुशाल सांगा. ते खरंच आहे. मला ती इथे हवी आहे.

ता. क. तीन. गाडी चुकली नव्हती. आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती आणि गाडी दारं उघडून उभी होती. आईने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "आई, गाडी गेली." ती म्हणाली, "गेली का? बरं झालं, पाय दुखत होते." मग गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या बाकावर बसून राहिलो.