साबण लावलेला फुगा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तू आता मोठ्या मंडळीचा पाळक झालास, चारचौघं तुला साहेब म्हणतात, तरी माझ्या हातून बाळच लिहिलं जातं. चालवून घे. कॅलेंडरच्या पानांमागे लिहितेय. सरलेल्या महिन्याचं पान पाठीमागून कोरंच असतं, ते रद्दीत घालायला माझं मन होत नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "बोल आई, पण थोडक्यात" म्हणतोस, आणि थोडक्यात बोलणं मला या जन्मात जमलेलं नाही.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मोरीतला नळ गळत होता, त्याला दोरा गुंडाळून ठेवलाय. साबणाचे उरलेले तुकडे नेहमीसारखे भिजवून, दाबून नवी वडी केली. तुझे बाबा त्यावरून अजून चिडवतात, म्हणतात, हिच्या घरात साबणाचंसुद्धा पुनरुत्थान होतं. दुकान सध्या बंद आहे. ते पुढे सांगते.

तू गेल्याला वर्ष होत आलं. पैसे वेळेवर येतात, पण तू येत नाहीस. मी ते जमेला मांडते आणि वही मिटते. त्या रविवारचं मी आजवर काही बोलले नाही, तूही नाहीस. आज बोलते. आपल्या देवळात तुझा पहिला उपदेश होता. मी तुझा शर्ट दोनदा इस्त्री केला होता. किती छान बोललास. चांगुलपणाची शिडी लावून कुणी स्वर्गात चढत नाही, तारण ही देणगी आहे, ती नुसती हात पुढे करून घ्यायची, असं म्हणालास. मग म्हणालास, सगळ्यांनी डोळे मिटा, आणि ज्याला ती हवी आहे त्यानं पुढे या. मी डोळे मिटले आणि माझं जुनंच मागणं मागितलं, की ह्यांनाही विश्वास दे. लग्न झाल्यापासून ते एकच मागत आलेय. तुझे बाबा मला देवळाच्या फाटकापर्यंत सोडायचे, मग म्हातारपणी दाराजवळच्या बाकावर येऊन बसायला लागले. का बसता विचारलं तर म्हणायचे, इथं झोप छान लागते. मला मेल्यानंतर स्वर्गात जायचंय, पण तिथं हे नसतील तर मी सकाळचा चहा कुणाला देऊ, ही माझी काळजी. हसू नकोस. पाळकीणबाईंना हे बोलता येत नाही, म्हणून तुला सांगतेय.

डोळे उघडले तर तुझे बाबा तुझ्यासमोर उभे. तू खाली उतरून त्यांना मिठी मारलीस, माइकमध्ये रडत रडत म्हणालास की आज माझ्या वडिलांचं तारण झालं. पेटी वाजली, सगळे उभे राहिले. माझा रुमाल पिळून पाणी निघालं असतं.

आणि जेवताना त्यांनी सगळ्यावर पाणी ओतलं. मी डोळ्यांनी खुणावत होते की अहो, आज तरी गप्प बसा. पण गप्प बसतील तर ते तुझे बाबा कसले. म्हणाले, "अरे, मी देवळाची घंटा वाजवणाऱ्या आजोबांना उठवायला पुढे आलो होतो. गुडघे टेकून बसले ते बसलेच, उठता येईना बिचाऱ्यांना. तुमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले. तू मिठी मारलीस तेव्हा बरं वाटलं म्हणून तिथं बोललो नाही. पण उद्या पाळकसाहेब बाप्तिस्म्याची तारीख विचारतील, तेव्हा मी काय सांगू?" तुझा चेहरा पडला. तू म्हणालास, "बाबा, तुमची ही चांगली कामं तुम्हाला वाचवणार नाहीत." त्यांनी विचारलं, "कुठली कामं?" तू घास तसाच ठेवून उठलास, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास.

बाळ, ते "कुठली कामं" म्हणजे टोमणा नव्हता. तू तो टोमणा समजलास आणि मीही त्या रात्री तसंच समजले. पण नंतर भांडी घासताना, भाजी निवडताना मी त्यावर फार विचार केला. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी हे वस्तऱ्याची पेटी घेऊन दवाखान्यात जातात, खाटेवर पडलेल्यांच्या दाढ्या करतात. आधी हात चोळून गरम करतात. ज्याचे गाल आत गेलेत त्याच्या तोंडात चमच्याची पाठ धरून गाल फुगवतात, म्हणजे पातं लागत नाही. पण घरी येऊन कधी सांगतात का, आज इतक्यांच्या केल्या म्हणून? मला सांगतात, तो तिसऱ्या खाटेवरचा काय विनोदी माणूस आहे. मी घरात काडेपेटीचा हिशेब ठेवणारी बाई. देवाच्या दारात चांगली कामं घेऊन हिशेब मागायला कुणी उभं राहणारच असेल तर ती मी असेन. ज्यांनी कधी काही मांडूनच ठेवलं नाही, ते कशाच्या जोरावर शिडी लावणार? तुझा उपदेश चुकला नव्हता. तारण कृपेनं होतं, हे मी माझ्या आईच्या मांडीवर शिकले आणि मरेपर्यंत तेच धरून राहीन. फक्त तो त्यांना लागू नव्हता, मला होता.

आता दुकानाचं. मी फोनवर म्हणाले होते की बाबांचा हात जरा दुखतोय. तो दुखत नाही, तो हलत नाही. उजवी बाजू गेली. मागच्या महिन्यात दुकानातच, गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधता बांधता खाली बसले. तुला कळवू नको अशी त्यांनीच शपथ घातली. अडखळत, पण स्पष्ट म्हणाले, तो दया म्हणून यायला नको, यायचं म्हणून येऊ दे. डॉक्टर म्हणतात धोका टळलाय, बोलणं सुधारतंय, हाताचं सांगता येत नाही.

दाढी वाढली. मला करू देईनात. मग एक दिवस समोरचा दुकानवाला आला. तोच, ज्यानं आपल्या दुकानासमोरच दाढी-कटिंगची पाटी लावली म्हणून हे दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते. पेटी घेऊन आला, पाणी गरम करा वहिनी म्हणाला, आणि हात चोळायला लागला. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानं हळूच हनुवटीला धरून वळवलं आणि अर्धा तास लावून दाढी केली. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, ठेवा ते. आता दर आठवड्याला येतो. पहिल्यांदा तो गेल्यावर तुझे बाबा रडले, आणि मग चार दिवस माझ्या मागे लागले, त्याला काहीतरी दे, निदान चांगला वस्तरा तरी दे. मी म्हटलं, तो घेणार नाही. तेव्हा म्हणाले, "काही न देता घ्यायचं, हे मला जमतच नाही गं. पोरगा त्या दिवशी हेच सांगत होता का?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग हे सोपं नाही. नुसता हात पुढे करा, असं का सांगतो तो?" मला हसू आलं आणि रडूही, आणि गॅसवर दूध होतं ते उतू गेलं.

तर हे पत्र मी माझ्या मनानं लिहीत नाही, त्यांनी लिहायला लावलंय. शपथ त्यांनीच सोडवली. काल समोरचा आला तेव्हा त्याला परत पाठवलं आणि मला म्हणाले, पोराला लिही, यायचं असेल तर येऊ दे, ही दाढी त्याच्यासाठी ठेवलीय. विश्वास बसलाय असं खोटं सांगणार नाही म्हणतात, पण या वेळी जागं राहून ऐकतो. आधी दाढी, मग त्याची प्रार्थना. त्याच्याकडून दोन्ही फुकट घेतो. मी म्हटलं, अहो, त्याला आता वस्तरा कुठला जमायला, उपदेश करतो तो. तेव्हा बऱ्याच दिवसांनी हसले. तुला दहावीच्या सुट्टीत वस्तरा शिकवत होते, आठवतंय? फुगा फुगवून, त्यावर साबण लावून तुझ्या हातात द्यायचे, आणि तो न फुटता साबण निघेपर्यंत उठू द्यायचे नाहीत. घरभर फुटक्या फुग्यांचे तुकडे, आणि मी त्यांच्या किमतीवरून ओरडतेय. शेवटी एक फुगा तू अख्खा ठेवलास, तर तो त्यांनी दुकानात आरशाला बांधला होता. त्यांनी मला हे शेवटचं वाक्य तसंच्या तसं लिहायला सांगितलंय: त्याला म्हणावं घाबरू नको, मला फुगा समज.

पाणी गरम करून ठेवणारी,
तुझीच आई