माझं तिसरं मरण आणि सातव्या दिवसाची प्रार्थना

पेद्रा मान्सा,
जूनचा दुसरा बुधवार

चि. ओतोनिएल यास तेओदोमिरोमामाचा आशीर्वाद. (गेल्या दोन फोनांत तू आशीर्वाद मागायला विसरलास. पण तो माझ्याजवळ नुसता पडून खराब होतोय, म्हणून न मागता पाठवतो.) तुझा घसा आणि विद्यापीठाचे जिने चढून दुखणारे तुझे गुडघे आता बरे असतील. माझं विचारशील, तर गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपासून मी वारलेलो आहे. बाकी ठीक.

तुझ्या कारकिर्दीचा मला अभिमान आहे, हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे राग आला की राहून जाईल. मी शाळेत दोनच इयत्ता शिकलो. पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांच्या गप्पांवर आणि साबणाचा फेस पुसायला फाडलेल्या वर्तमानपत्रांवर झालं. (त्यामुळे बहुतेक बातम्यांचा शेवट मला ठाऊक नाही.) तरी तुझी पहिली कादंबरी मी पूर्ण वाचली. पानं चारशे, पूर्णविराम एक, आणि तोही छापणाऱ्याने दया येऊन घातलेला असावा. तीत एक न्हावी नदीत बुडाला. डाव्या पायाने लंगडा, बोलताना वस्तरा हवेत धरणारा. मी ओळखलं, पण सोसलं. गावात ते पुस्तक दोघांनीच हातात घेतलं, मी आणि औषधवाल्या बेनेव्हिदेसने, आणि बेनेव्हिदेस नदी यायच्या आतच झोपला. दुसऱ्या कादंबरीत मला साप चावला. तेही सोसलं. मग तू साहित्याचा अध्यापक झालास आणि अख्खं सत्र ‘कादंबरीतील मामाचा मृत्यू’ या विषयावर व्याख्यानं दिलीस, इतकी की एक दिवस विद्यार्थ्यांची बसच माझ्या दुकानासमोर उभी राहिली. एका चष्मेवाल्या मुलीने अदबीने विचारलं, “मामा, आपण नदीचं प्रतीक आहात की सापाचं?” मी म्हटलं, “बाळ, मी न्हावी आहे.” तिने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

इथवर माझी तक्रार नव्हती. पण तू टीव्हीच्या मालिका लिहायला लागलास आणि घात झाला. पुस्तक मुद्दाम उघडावं लागतं. टीव्ही आमच्याकडे मुद्दाम बंद करावा लागतो, आणि तो कोणी करत नाही. तुझा देओदातो न्हावी पहिल्यांदा लंगडत पडद्यावर आला तेव्हा चौकातली सगळी घरं एकदम ओरडली, “अरे, हा तर आपला मिरोकाका!” तीन महिने माझ्या दुकानाला इतकी गर्दी की खुर्चीच्या स्प्रिंगा गेल्या. ईस्टरला तू आलास, आणि मी (माझंच चुकलं) विश्वासाने तुला सांगून बसलो की समोरच्या शिंपीण दोना कितेरिया, ज्यांच्याकडे मी अकरा वर्षं दर मंगळवारी कॉफी पितो, त्यांना जूनमधल्या संत योहानाच्या सणाला लग्नाचं विचारणार आहे. तू मान डोलावलीस. मला वाटलं, भाचा ऐकतोय. तू लिहीत होतास! एकोणऐंशीव्या भागात देओदातो शिंपीणबाईंच्या दारात उभा राहिला, टोपी काढली, “मला तुम्हाला एक विचारायचं आहे” म्हणाला आणि कोसळला. जाहिराती लागल्या. त्या संपल्या तेव्हा मी मेलेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दाराला काळी फीत. बेनेव्हिदेसने मला मिठी मारली. “फार घाई केलीत, मिरोकाका.” मी म्हटलं, बस, दाढी करून देतो. तर तो दोन पावलं मागे सरकला. “छे छे, तुम्ही आता विश्रांती घ्या.” मेलेल्या माणसाच्या हातातल्या वस्तऱ्याखाली मान द्यायला कोणी तयार नाही. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला पाद्री लिंदोल्फो आधी ठाम नाही म्हणाले. मालिकेतल्या माणसासाठी प्रार्थना करता येत नाही, माणूस खरा असावा लागतो. तर बायका म्हणाल्या, मग तेओदोमिरोच्या नावाने करा, तो खरा आहे. पाद्रींनी वहीत माझं नाव लिहून घेतलं.

मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. (दुकान ओस, घरी बसून करू काय?) पाद्री माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मलाच हुंदका आवरेना. शेजारी परगावची एक बाई होती, तिने रुमाल देत विचारलं, “फार जवळचे होते का हो तुमचे?” नंतर कॉफी आणि मक्याचा केक होता. मला दुसरा तुकडा मिळाला नाही. म्हणाले, तो मयताच्या घरच्यांसाठी राखलाय.

पण ओतोनिएल, पहिल्या बाकावर दोना कितेरिया होत्या. नखशिखांत काळ्या कपड्यांत, आणि ते कपडे त्यांनी त्याच आठवड्यात स्वतः शिवलेले. काल मंगळवार, म्हणून मी कॉफीला गेलो. दार अर्धंच उघडलं.

“दोना कितेरिया, मी तेओदोमिरो.”

“दिसतंय मला. पण मी सुतकात आहे. अशा वेळी पुरुषमाणसाने दारात यावं, हे बरं दिसत नाही.”

“पण सुतक माझंच आहे ना?”

“म्हणून तर जास्तच वाईट दिसतं.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तो बिचारा काय विचारणार होता, तेवढं मात्र कळलं नाही.”

मी तोंड उघडलं. टोपी काढली. मग तीच घातली आणि परत आलो.

सगळ्यांना नमस्कार सांग. जेवत जा.

तुझा (कै.)
मामा तेओदोमिरो

ता. क. : देओदातोला जुळा भाऊ दाखवता येईल का? मालिकांत असे भाऊ सर्रास सापडतात. तो लंगडा असावा आणि दाढी करण्यात तरबेज असावा, एवढंच.

ता. क. २ : खरं सांगायचं तर दुकान गेलं चुलीत. त्या भावाच्या तोंडी कितेरियाबाईंना विचारायचं वाक्य घाल. तू शिकलेला आहेस, दोन कादंबऱ्या लिहिल्यास. मला एक वाक्य जमत नाही. त्याने विचारलं की मी लगेच रस्ता ओलांडून जाईन आणि म्हणेन, तेच.

ता. क. ३ : टपालकचेरीतली बाई माझ्या हातून पत्र घेत नाही, मयताचा पत्ता चालत नाही म्हणते. पण आत्ता दोना कितेरिया आपण होऊन दुकानात आल्या आहेत आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून आहेत. पत्र टाकते म्हणतात. काहीतरी बोलायला हवं. नवं पाकीट शोधतो.

ता. क. ४ : ओतोनिएल, हे मी कितेरिया लिहितेय. तुझा मामा आतल्या खोलीत पाकीट शोधतोय, आणि पाकिटं इथे आरशाखाली समोर पडलेली आहेत. त्याने अजून विचारलेलं नाही. वाक्य लवकर पाठव, आणि आखूड पाठव, पूर्णविरामासकट. माझं उत्तर हो आहे, पण ते त्याला कळवू नकोस. पत्र मीच चिकटवते.