लग्नात उधळलेल्या आयताकृती नाण्याच्या निर्णयाबाबत

तार्नुव्ह, दि. ११ मार्च

प्रति,
मा. संचालक,
संग्राह्य नाणी विभाग,
(दुसरा मजला, जिन्यालगतची बंद खिडकी)

विषय : मुलीच्या लग्नात उधळली गेलेली चांदीची वस्तू नाणे की नोट, याबाबतच्या आपल्या निर्णयाविषयी.

संदर्भ : १) माझा ऑक्टोबरमधील अर्ज. २) संदर्भ १ कशाविषयी आहे, अशी विचारणा करणारे आपले पत्र. ३) आपले परवाचे पत्र, ज्यामुळे घरात घबराट आहे.

महोदय,

१. मी लुत्स्यान मझ्गाय, रेल्वेचा निवृत्त सिग्नलमन. वीस झ्वोतींच्या नोटेवरून बेतलेले आपले नाणे देखणे आहे, हे प्रथम नमूद करतो. राजा नोटेतला, नक्षी नोटेतली, कोपरे चार. नोटेची घडी होते, नाणे घरंगळते. ही वस्तू दोन्ही करत नाही. एवढी गैरसोय एकाच वस्तूत आणण्यास प्रतिभा लागते.

२. माझा मेहुणा सेवेरिन याने हे नाणे पाहुण्यांना मिरवून दाखवण्यासाठी डबीतून काढून खिशात ठेवले होते. चर्चच्या दारात नवदांपत्यावर चिल्लर उधळताना त्याने खिसा रिकामा केला. त्यात तेही गेले.

३. (हा परिच्छेद सेवेरिनच्या बुद्धीविषयी होता. पत्नी फेलित्स्या हिने खोडला. तो तिचा भाऊ आहे.)

४. उधळलेल्या चिल्लरीतून नवरा-नवरीपैकी जो जास्त नाणी वेचेल त्याचा शब्द घरात चालतो, हे आपणांस सांगणे न लगे. मुलगी मालविना व जावई तिमोन यांनी तर पैजच लावली होती : जिंकणाऱ्याने कुठे राहायचे ते ठरवायचे. त्याला ग्दीनियाच्या गोदीत नोकरी आहे, हिला व्रोत्सवाफला जायचे आहे. वेचणी बरोबरीत सुटली. उरली ती आपली कलाकृती, तिमोनच्या मुठीत.

५. विहीणबाई म्हणाल्या, “दगडावर खणकन वाजलं, म्हणजे नाणंच. माझा मुलगा जिंकला.” फेलित्स्या म्हणाली, “वाजायला काय, बरणीचं झाकणही वाजतं.” मालविनाचे म्हणणे, नोटा पाकिटात घालून देतात, उधळत नाहीत, सबब ही मोजायची नाही, आणि मग उरते ती बरोबरी, तीत जास्त धावपळ तिने केली होती, म्हणून जिंकली ती. लग्नाच्या फोटोत वधूवर गुडघ्यांवर बसून वाद घालताना दिसतात. फोटो सुरेख आला आहे.

६. यास्तव मी संदर्भ १ केला. नाणे शाखेने कळवले : आकार नोटेचा, नोट शाखेकडे जा. नोट शाखेने कळवले : कागद नाही, नाणे शाखेकडे जा. मग प्रकरण एका समितीकडे गेले, जिला अध्यक्ष नव्हता. येथवर आपल्या विभागाचा कारभार निर्दोष होता.

७. परवाच्या पत्रात मात्र अध्यक्ष नेमल्याचे व निर्णय लवकरच देणार असल्याचे कळवले आहे. इतकी घाई आपणांस शोभत नाही.

८. आपण ‘नाणे’ म्हणालात तर मुलगी ग्दीनियाला जाईल. ‘नोट’ म्हणालात तर व्रोत्सवाफला. तार्नुव्ह, म्हणजे आमचे गाव, असे उत्तर आपल्या नियमांत नाही, मी तपासले. निकाल लागेपर्यंत दोघे आमच्याकडे ‘तात्पुरते’ राहतात. जावयाने गळका नळ दुरुस्त केला व चांगला होता तो बिघडवला. रविवारी सूप वाढताना नाण्याचा विषय निघतो, मग जेवण संध्याकाळपर्यंत चालते. ते दोघे येण्याआधी फेलित्स्या व मी पंधरा मिनिटांत जेवून उठत असू.

सबब नम्र विनंती की, प्रकरण पुन्हा नाणे शाखेकडे पाठवावे. तिने ते नोट शाखेकडे पाठवावे. समितीच्या अध्यक्षांना बढती द्यावी.

आपल्या दिरंगाईवर विसंबून असलेला,
लुत्स्यान मझ्गाय

सोबत : काही नाही. नाणे मागवायचे झाल्यास साध्या टपालाने मागवावे.

ता.क. अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला आणि दोघांनी वाचला. जावई म्हणाला, “बाबा, पेन द्या जरा.” पुढील सह्या त्यांच्या आहेत. मी सांगितलेल्या नाहीत.

सहअर्जदार : तिमोन (उन्हाळ्यापर्यंतच)
सहअर्जदार : मालविना (नाताळपर्यंत. त्याचं ऐकू नका)