उलट्या भांगाची चित्रं

मी, खाली सही करणारा, धंद्याने न्हावी, डोळ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, कोणी धाक दाखवला म्हणून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. ती करून घेण्याचं काम मी शेजारच्या चष्मेवाल्यावर सोपवत आहे. तो कवडीचुंबक आहे, पण शब्दाचा पक्का आहे.

दुकान, दोन्ही खुर्च्या, वस्तरे आणि गिऱ्हाइकं माझ्या कारागिराला द्यावीत. तो दोन्ही कल्ले कधीच सारखे ठेवत नाही आणि फेस लावून झाला की गिऱ्हाइकाशी वाद घालतो, कारण तेव्हा समोरच्याला तोंड उघडता येत नाही. तरी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा इस्पितळात डबा घेऊन तोच आला. रक्ताचं कोणी फिरकलं नाही.

पातळ कात्री समोरच्या इस्त्रीवालीला. कित्येक वर्षं ती उसनी नेते आणि मी बोंबललो की मगच परत देते. आता देऊ नये.

माझा धाकटा भाऊ, ज्याला आता सगळे कलावंत म्हणतात, त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल. वाचणाऱ्याने पाणी पिऊन यावं.

माळ्यावर केसांची पोती होती. काळे वेगळे, पिकलेले वेगळे, मेंदीचे वेगळे, लहान पोरांचे भुरे वेगळे. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक पोरगा भिंतीवरच्या सिनेमाच्या पोस्टरकडे बोट दाखवून म्हणायचा, "मामा, त्याच्यासारखे कापा." कापून जे खाली पडायचं, त्यातून मी 'तो' बनवायचो. फळीवर सरस लावायचा, चिमट्याने केस बसवायचे, सुकलं की वस्तऱ्याने सारखं करायचं. कपाळावर बट सोडणारा नायक, कराटेवाला, काळ्या चष्म्याचा खलनायक, टीव्हीवरची ती भुवया उडवणारी सासू, सगळे मी केले. कोणाला दाखवले नाहीत, माळ्यावरच ठेवले. न्हाव्याने केस झाडावेत, जपून ठेवू नयेत, असं लोक म्हणतात.

मी इस्पितळात असताना धाकटा टेम्पो घेऊन आला आणि माळा रिकामा करून गेला. किल्ली माझ्या मुलीने दिली. तिची आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती, वाढली काकाच्या घरी. सुट्टीला यायची तेव्हा मी फक्त तिचे केस कापायचो. काकाने तिला सांगितलं, "शिकत असताना केलेली माझी चित्रं दादाच्या माळ्यावर पडली आहेत." तिला ते खरं वाटलं. मी घरी येऊन आरडाओरडा केला तर म्हणाली, "बाबा, काका चित्रकला शिकलेत. तुम्ही साधं मांजर तरी काढलंय का कधी?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केसही माझ्याच दुकानातले.

आता मुद्द्याचं. त्या सगळ्या नायकांचा भांग उलट्या बाजूला आहे, गालावरचा तीळ उजवीकडचा डावीकडे गेलाय. धाकट्याने ती चित्रं स्वतःच्या नावाने प्रदर्शनात मांडली आणि पेपरात मुलाखत दिली की हे त्याने मुद्दाम केलं, प्रसिद्धीचा चेहरा उलटाच असतो वगैरे. मुद्दाम कसलं डोंबल! पोस्टरं काय, टीव्ही काय, सगळं खुर्चीच्या मागच्या भिंतीवर होतं आणि न्हावी दिवसभर आरशाकडे तोंड करून उभा असतो. जन्मभर मी ती माणसं आरशात बघितली. जशी दिसली तशी केली. ही चूक न्हाव्याचीच आहे. ज्याने कधी वस्तरा धरला नाही त्याला ती करता आली नसती.

म्हणून दुकानातला मोठा आरसा मी धाकट्याला देत आहे. त्याने तो आपल्या दालनात चित्रांच्या समोर टांगावा. आरशात सगळे नायक सुलटे दिसतील. का, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं ते त्याचं त्याने बघावं, थापांची त्याला कधी ददात पडलेली नाही. चित्रांवर त्याची सही राहू द्यावी. मला ती नकोत.

एक सोडून.

प्रदर्शनाला मी गेलो होतो. माझी मुलगी तिथे लोकांना चित्रं समजावून सांगते. मला बघून ती गडबडली, मग लोकांना म्हणाली, "हे माझे बाबा. काकांना केस यांच्याच दुकानातून मिळायचे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कच्च्या मालाला टाळ्या! तेवढ्यात तिच्या मागचं चित्र मला दिसलं. खाली पाटी होती, 'अनोळखी स्त्री'. लोक विचारत होते ही कोण, आणि माझी मुलगी हसून सांगत होती, "कोणीच नाही. काकांच्या कल्पनेतली आहे." मी तसाच मागे फिरलो. घरी आलो आणि दार लावून रडलो.

ते चित्र सिनेमातल्या कोणाचं नाही. ते माझ्या बायकोचं आहे, तिच्या फणीत निघालेल्या केसांचं. तिचा एकच फोटो होता, तो छत गळलं तेव्हा भिजून गेला. धाकट्याने तिच्या हातचं किती वर्षं खाल्लं. त्याने वहिनीला ओळखलं नाही, की ओळखून ती पाटी लावली, यातलं जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्हीपैकी काहीही असो, मी त्याला माफ केलेलं नाही. हेही मृत्युपत्रात धरावं.

ते चित्र माझी मिळकत आहे. दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलं म्हणून त्याचं होत नाही. ते मी माझ्या मुलीला देत आहे. चष्मेवाल्याने जातीने ते उतरवून तिच्या हातात द्यावं, त्याच्या केसालाही धक्का लागू देऊ नये.

मुली, तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून खूण सांगतो. तुझ्या कपाळाच्या कडेला एक उलटा भोवरा आहे. त्याच्यापायी तुझे केस कधी नीट बसले नाहीत आणि तू मला दूषणं द्यायचीस, "बाबा, तुम्हाला कापताच येत नाहीत." तसाच भोवरा त्या चित्रात आहे, तिच्या उजव्या बाजूला. तुझी आई दुकानात कधी यायची नाही. तिला मी आरशात कधी बघितलंच नाही, समोर बसवून बघितलं. त्या सगळ्यांत ती एकटी सुलटी आहे.

तिच्यासमोर उभी राहा. आरशात बघू नकोस, आरसा बाजू फिरवतो. तुझ्या कपाळावर हाताने चाचपून बघ.

ठिकाण: दुकान, खिडकीकडची खुर्ची
तारीख: आज, दुकान बंद असण्याचा वार

(सही) दुकानाचा मालक

साक्षीदार:
(सही) शेजारचा चष्मेवाला. वाचून सही केली. कवडीचुंबक हा शब्द मान्य नाही.
(अंगठा) समोरची इस्त्रीवाली. वाचून दाखवल्यावर उठवला. कात्री तिच्याकडेच आहे.