काळ्या मातीसाठी टायर

बाबा, पिकअपचे टायर बदलले. तुम्हाला सांगावं म्हणून कागद घेऊन बसले, तर हे स्वयंपाकघरातून विचारताहेत, "काय लिहितेस?" मी म्हटलं, सामानाची यादी. आता यांना काय सांगू, की वारलेल्या वडिलांना टायरची बातमी देतेय! माणूस घाबरेल.

झालं असं, की जुने टायर पार घासले होते. तुमच्यानंतर काम आम्ही वाटून घेतलंय ना, जळलेल्या मोटरी हे राजेंद्र नगरच्या दुकानात बसून दुरुस्त करतात आणि मी दोन गडी घेऊन गावोगाव ट्यूबवेलमधून मोटर काढायला, बसवायला जाते. गेल्या आठवड्यात महूच्या पुढे एका गावी निघाले होते. गव्हाला पाणी चाललंय, कुणाचा तरी पाट फुटला आणि पाणी थेट रस्त्यावर. आपल्याकडची काळी माती भिजली की काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. मागे लोखंडी पाइपांचं वजन, खाली गुळगुळीत टायर. गाडी आडवी सरकत सरकत नालीत गेली. मला फार लागलं नाही, मनगट तेवढं मुरगळलं. ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं, वर चहा पाजला, आणि मी जाऊन मोटर बसवूनच आले.

घरी यांनी मनगट बघितलं. हळद लावली, पट्टी बांधली. मग म्हणाले, "बस झालं आता. साधे रोडचे टायर टाकू, आणि शहरातलं काम करू. सोसायट्यांमधल्या बोअरिंग काय कमी आहेत? गावं सोड." मी तडकलेच. पण खरं सांगते बाबा, त्यात चूक काढायला जागा नव्हती. रोडचे टायर टाकले की गावं आपोआपच सुटणार होती. त्या टायरांवर पुन्हा कच्च्या रस्त्याला जायचं म्हणजे नालीला आमंत्रण. म्हणजे भांडण टायरांचं नव्हतंच, मी जायचं की नाही याचं होतं.

आणि मला जायचंय. सोसायटीत गेटवरचा माणूस माझ्या मागे बघून विचारतो, "मैडम, मिस्त्री कहाँ है?" गावात मोटर चालू केली आणि पाइपातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं, की घरातली म्हातारीसुद्धा बघायला बाहेर येते. मला ते आवडतं. त्याला दुसरं कारण नाही माझ्याकडे.

तुम्हीही हेच म्हणाला होतात, गावं सोड. मोटर उघडायला तुम्हीच शिकवलंत, कॉइल ओळखायला शिकवलंत, पण रस्ता मात्र स्वतःकडे ठेवलात. मी पहिल्यांदा एकटी पिकअप घेऊन गेले, त्या दिवशीचं आठवतं? परत आले तर दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्या देखत तुम्ही म्हणालात, "हे बायकांचं काम नाही. चावी ठेव आणि घरी जा." मी चावी ठेवली नाही. तशीच उभी आहे, हातात चावी, कान गरम झालेत, आणि गिऱ्हाइकं चहाच्या ग्लासात बघताहेत. तुम्ही मग पुढे मला अडवलंही नाहीत आणि बरं केलंस असं एकदाही म्हणाला नाहीत. जाईन तेव्हा फक्त विचारायचात, "हवा बघितलीस?"

टायरांचं म्हणाल तर तुमचंही काही फार धड नव्हतं बरं का. महूच्या लिलावातले ते फौजी टायर विसरलात? कुणीतरी सांगितलं, फौजेची गाडी ज्यावर चालते त्यावर आपली का नाही चालणार? आणि तुम्ही ते हत्तीच्या पायाएवढे टायर आणून चढवलेत. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलेत. पहिल्याच शेताच्या वाटेवर चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा गच्च बसला, की चाक फिरेचना. गाडीला मुळात तेवढी जागाच नव्हती. तुम्ही सब्बल घेऊन चिखल खणताय आणि वर मला सांगताय, "टायर एकदम बढिया आहेत, मातीच खराब आहे." हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

काल टायरवाल्याकडे गेलो. हे सोबत आले, तोंड फुगवून, पण आले. दुकानदार सगळं यांनाच सांगत होता. "भिया, ये वाला ले जाओ, चौड़ा है, गाड़ी को लुक देगा." मी म्हटलं, लुक राहू दे, वजनाचा आकडा दाखवा. वाकून बघितलं तर टायर बाहेरून दांडगा, पण बाजूवर लिहिलेला आकडा आपल्या जुन्या टायरपेक्षा कमी. कारवाल्यांसाठीचा. पाइपं भरली की दम सोडला असता त्याने. दुसरा दाखवला तो मापाने मोठा, म्हणजे पुन्हा मडगार्डची कहाणी. तिसरा बरोबर निघाला. गाडीच्याच मापाचा, वजन पेलणारा, डांबरावर आणि कच्च्यात दोन्हीकडे चालणारा, खाचा रुंद म्हणजे माती अडकणार नाही, झडेल. डांबरावर जरा आवाज करेल म्हणाला. म्हटलं, करू दे, मीही करते.

हे इतका वेळ बाजूला उभे होते. मला वाटलं, आता इथे, लोकांसमोर नको म्हणतील. मी तयारच होते भांडायला. ते पुढे आले, टायरच्या खाचेत अंगठा घालून बघितला आणि दुकानदाराला म्हणाले, "चार नहीं, पाँच दो. स्टेपनी भी यही वाली. ये अकेली जाती है."

बाबा, मी त्या टायरांकडेच बघत बसले. "कशी गं तू," हे म्हणाले, "आता तर बोल काहीतरी!"

उद्या सकाळी त्याच गावी दुसऱ्या मोटरीसाठी जायचंय. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, पाठवता आला असता तरी नसता पाठवला. कारण टायर घेताना मनात आलं होतं, बरं झालं बाबा नाहीत, नाहीतर विचारावं लागलं असतं आणि ते नाही म्हणाले असते. आणि दुकानातून घरी येईपर्यंत रस्ताभर एकच वाटत होतं, की ते "पाँच दो" तुमच्या तोंडून हवं होतं मला.