डावा रकाना, उजवा रकाना

ता. नेवासा
२० मार्च १९७४

चि. कानिफनाथ यास केशरकाकूचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? गणकयंत्राला गार हवा आणि माणसांना बाहेर घाम, असे तू सांगितले होतेस, म्हणून विचारते. सूनबाईला वेगळा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. गुडघा दुखतो, पण तो जुना सोबती आहे.

दिवाळीत ओट्यावर बसून तू तुझे काम समजावले होतेस. जुन्या यंत्राची कामे नव्या यंत्राच्या बोलीत आणायची, तर सगळे नव्याने लिहायचे नाही. दोन रकाने करायचे. डावीकडे ओळखायचा आकार, उजवीकडे त्याच्या जागी काय ठेवायचे ते. वरून वाचत यायचे, सापडले की बदलायचे, पुन्हा वरून सुरू करायचे. काहीच सापडेनासे झाले की काम संपले. (तू हे सांगत असताना चहा दोनदा निवला.) मला ते फार आवडले. आता त्याचे काय झाले ते ऐक.

आपल्या धाकट्या बनूचे लग्न वैशाखात ठरले. पत्रिकेला थोरल्या रतनच्या लग्नाचा मजकूर होताच, तुझ्या काकांनी स्वतः लिहिलेला. म्हटले, तुझे रकाने लावू. रतनच्या जागी बनू, श्रीरामपूरच्या जागी जामखेड, जुन्या व्याह्यांकडच्या नावांच्या जागी नव्यांकडची. माझ्या नावाआधीचे सौ. काढायला मात्र नियम लागला नाही. ते गावाने दहाव्या दिवशीच करून टाकले होते. मग डावीकडे लिहिले ‘रंगनाथ’ आणि उजवीकडे ‘कै. रंगनाथ’. उखाण्यात एकदा घेतले होते ते नाव, त्यानंतर थेट या रकान्यात.

पुढचे मी शेजारच्या झुंबरबाईवर सोपवले. ती गेल्या साली प्रौढवर्गात अक्षरे शिकली. अक्षर ओळखते, अर्थाच्या वाटेला जात नाही. तुझे यंत्रही असेच, असे तूच म्हणाला होतास. ती माडीवर बसली ती जेवायलाही उतरेना. तिसऱ्या प्रहरी बोटे निळी करून आली. “बाई, ह्ये संपतच न्हाई. दर खेपेला भाऊजी पुन्यांदा सापडत्यात.” बघते तर नावामागे सहा सहा कै.! उजवीकडे तेच नाव परत बसवले होते, तर सापडणारच. चूक माझीच.

“अगं, माणूस एकदाच गेला,” मी म्हटले.

“कागदात तर जागोजाग हायेत की,” ती म्हणाली. (घरातही तसेच आहे. खुंटीवर छत्री आहे, फडताळात अडकित्ता आहे. तिथे कुठला नियम लावू?)

जादा कै. खोडून मजकूर जामखेडला वाचायला पाठवला. चौथ्या दिवशी एस.टी.ने नवरदेवाचे मामा दारात हजर. त्यांचेही नाव तेच, आणि त्यालाही कै. लागून गेलेले, हे माझ्या ध्यानातच नव्हते. “विहीनबाई, नीट बघून घ्या,” म्हणाले, “हाय का न्हाई मी?” तीन भाकरी खाऊन त्यांनी खात्री पटवली. तेव्हा कुठे कळले, नाव सारखे असले म्हणून जागा सारखी नसते. तुम्ही लोक हे कसे सांभाळता?

बाकी क्षेम. उन्हातून फिरू नकोस.

तुझी,
केशरकाकू

ता. क. खरे तर पत्र यासाठीच. कन्यादानाला मला पाटावर बसू देणार नाहीत. डावीकडे तुझे काका, उजवीकडे तू आणि सूनबाई, असा एक नियम करशील का? एकाच जागी, एकदाच लावायचा. बाकीच्या जागा तशाच राहू देत.

ता. क. दुसरा. पाकीट डकवताना पत्रिकेचा मजकूर पुन्हा पाहिला. शेवटच्या ओळीला झुंबरबाईने हातच लावलेला नाही. विचारले तर म्हणाली, “तितं कसं लावू? तितं त्ये सोता बोलत्यात.” छापखान्यात ती ओळ तशीच देणार आहे. लोक काय म्हणायचे ते म्हणोत. ओळ अशी आहे: ‘लवकर या, मी दारातच उभा आहे. आपला, रंगनाथ.’